कारचा रेडिएटर फॅन चालूच होत नाही, मोटर बदलायच्या आधी काय तपासावं?

धुऱ्यावरचा

राम राम मंडळी.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, दुसऱ्या हातची. मुक्काम दारव्ह्याजवळचं खेडं. गाडीला काम म्हणजे वावर, बँक, दवाखाना आणि लग्नसराईत पाहुण्यांची ने-आण. चालत्या गाडीत टेम्परेचरचा काटा मधोमध असतो. बाजारात अडकलो, फाटकाशी थांबलो, की चढायला लागतो. परवा यवतमाळला बसस्टँडजवळ पार लाल रेघेला टेकला, म्हणून गाडी बाजूला घेऊन बंद केली. बोनेट उघडून पाहतो तर रेडिएटरमागचा पंखा ढिम्म.

आमच्या मिस्त्रीनं पातं हातानं फिरवून पाहिलं आणि 'मोटर गेली' असा निकाल दिला. नवा सेट साडेचार हजार, मजुरी वेगळी. कपाशीचं बियाणं घ्यायचे दिवस तोंडावर आहेत, त्यामुळे नुसत्या अंदाजावर साडेचार हजार मोजायची तयारी नाही. मोटर खरंच गेली असेल तर देतो, पण आधी खात्री पाहिजे. घरी मल्टिमीटर आहे (विहिरीच्या मोटारीपायी घेतलेला), पान्हे आहेत. फ्यूज काढून पाहिला, तुटलेला दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

आर्वीची_लेक

एसी आहे का गाडीला? असेल तर इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि पंखा फिरतो का ते सांगा. बाकी सगळं नंतर.

नवतपा

पंखा नाही फिरला तरी चालते भाऊ, एसी लागल्यानं तुम्ही तरी थंड व्हाल.

आर्वीची_लेक

@नवतपा, तेही होणार नाही. तो पंखा रेडिएटरबरोबर एसीच्या कंडेन्सरलाही (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) हवा देतो. उभ्या गाडीत पंखा बंद असेल तर थोड्या वेळानं एसीसुद्धा गरम हवा फेकायला लागतो.

जुनी_जीप

म्हणून आमची जीप बरी. पंखा पट्ट्यावर. इंजिन फिरलं की पंखा फिरला. ना रिले, ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. पट्टा तुटला तर नवा चढवा आणि चालू पडा.

पुण्यातला_पांढरकवडेकर

आणि लिटरमागं किती किलोमीटर चालते ते पण सांगा ना काका.

जुनी_जीप

ते विचारू नये.

आर्वीची_लेक

एसीची चाचणी पहिल्यांदा का सांगितली ते लिहिते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पंख्याला वीज देणारा रस्ता असा: बॅटरी, तिथून मोठा फ्यूज (लहान गाड्यांत बहुधा ३० अँपिअरचा), मग रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारं विजेचं बटण), मग पंख्याची मोटर, आणि मोटरमधून अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता). हा झाला जाड वायरचा रस्ता. दुसरा बारीक वायरचा. इंजिनात कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) खबर देतो आणि ईसीयू रिलेची कॉइल ओढतो. बहुतेक गाड्यांत साधारण ९५ ते १०० अंशांना पंखा लागतो आणि पाच-सहा अंश उतरला की बंद होतो. याहून जुन्या गाड्यांत ईसीयूचा संबंध नसतो, रेडिएटरच्या खालच्या टाकीत एक थर्मोस्विच बसवलेला असतो आणि तोच काम करतो.

एसी लावला की ईसीयू सेन्सरची वाट न पाहता पंखा लावतो. म्हणून एसीवर पंखा फिरला तर फ्यूज, रिले, मोटर, अर्थ सगळं ठीक. दोष सेन्सर, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा कूलंटच्या पातळीत. नाही फिरला तर दोष जाड वायरच्या रस्त्यात, किंवा रिले ओढणाऱ्या बाजूला. एका बटणात अर्धी गाडी बाद झाली. फक्त तुमच्या गाडीला एकच पंखा आहे ना, ते पाहा. दोन असतील तर एक नुसता एसीचा असू शकतो आणि मग या चाचणीवर तेवढा भरवसा नको.

आणि एक. बोनेट उघडं असताना पातीजवळ हात, ओढणी, दुपट्टा काही नेऊ नका. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

कूलर_काका

आमच्या अकोल्यात मे महिन्यात प्रत्येक माणूस अर्धा वायरमन असतो. कूलरचा पंखा फिरेना झाला की दोनच कारणं, एक तर कंडेन्सर गेला नाहीतर बुश जाम. पातं हातानं ढकलल्यावर फिरायला लागला तर कंडेन्सर बदला, पन्नास-शंभर रुपयांत काम. तुमचं पण तेच असणार.

महावितरणवाला_निवृत्त

काका, कूलरची मोटर घरच्या एसी करंटवर चालते, तिला सुरुवातीचा धक्का द्यायला कपॅसिटर, म्हणजे तुमचा कंडेन्सर, लागतो. कारचा पंखा १२ व्होल्ट डीसीवर चालतो. त्यात कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे घासते तुकडे) असतात, चालवायला कपॅसिटर लागत नाही. तरी तुमचं निम्मं बरोबर आहे. कार्बन झिजले की मोटर एखाद्या जागी अडकून बसते आणि लाकडी दांड्यानं हलकेच ठोकलं की फिरायला लागते. ठोकल्यावर फिरली तर मोटर गेली समजा. बुश जाम असेल तर पातं हाताला जड लागते. धुऱ्यावरचा भाऊ, मिस्त्रीनं पातं फिरवलं तेव्हा जड होतं का हलकं?

धुऱ्यावरचा

हलकं. फुंकर मारली तर फिरेल असं.

महावितरणवाला_निवृत्त

मग मोटरवर एवढ्यात शिक्का मारू नका.

ढेपवाला

काहून एवढं डोकं लावून राहिले बाप्पा? माह्या गाडीचा पंखा चार वर्सापासून डायरेक्ट आहे. डॅशबोर्डवर एक बटण बसवलं, बॅटरीतून वायर आणली, झालं. गाव आलं की बटण दाबा, रस्ता लागला की बंद करा. सेन्सर गेला काय अन् राहिला काय.

महावितरणवाला_निवृत्त

ढेपवाले भाऊ, मधे रिले आहे का? फ्यूज आहे का?

ढेपवाला

बटण आहे.

महावितरणवाला_निवृत्त

हीच भीती होती. चालू पंखा १० ते १५ अँपिअर खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. घरच्या लाइटच्या बटणातून एवढा करंट कायम नेला तर आतले पॉइंट जळतात, बटण वितळते. फ्यूज नसेल आणि वायर कुठं घासून बॉडीला टेकली, तर पूर्ण बॅटरी त्या वायरमधून रिकामी होईल. अशा गाड्या पेटलेल्या मी पाहिल्या आहेत. डायरेक्टच करायचं असेल तर बॅटरीजवळ फ्यूज घाला, रिले बसवा आणि बटणातून फक्त रिलेची कॉइल चालवा. तिला पाव अँपिअरही लागत नाही.

मेळघाटी

डायरेक्टचा दुसरा तोटा म्हणजे बटण दाबायचं विसरणं. आपण विसरलो नाही तरी ज्याला गाडी दिली तो विसरतो. आमच्या चुलतभावानं साळ्याला गाडी दिली, साळा परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघाला, घाटात दुसऱ्या गियरवर चढत राहिला आणि वर पोचेपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेली. खर्च विचारू नका. साळ्याशी बोलणं अजून बंद आहे.

@धुऱ्यावरचा, पंखा दुरुस्त होईपर्यंत गाडी काढावीच लागली तर एसी बंद ठेवा. काटा चढायला लागला की हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर मोठ्यावर टाका आणि चारही काचा खाली करा. मे महिन्यात शिक्षा आहे ती, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची बरीच धग आत ओढून घेतो. आणि थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहिली का? पंखा न लागण्याचं ते पण एक कारण असतं.

नवतपा

४५ डिग्रीत हीटर! यवतमाळहून दारव्ह्याला पोचेपर्यंत माणसाचा रोडगा होईल.

जुनी_जीप

आमच्या वेळचे ड्रायव्हर सांगायचे, गाडी तापली तर इंजिन बंद करायचं नाही, चालूच ठेवायचं, हळूहळू उतरते. यांनी तर बंद केली.

आर्वीची_लेक

काका, ते पट्ट्याच्या पंख्याला लागू होतं. इंजिन चालू राहिलं की पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही चालू, म्हणून उतरायचं. इथं इलेक्ट्रिक पंखाच मेलेला आहे. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं म्हणजे चुलीत आणखी लाकूड सारणं. काटा लालपर्यंत गेला असेल तर बंद करणंच बरोबर. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही. आतला दाब वाढलेला असतो, त्यामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते एकदम उसळतं. चेहरा भाजतो.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार. एवढं करून पाहिलं:

एकच पंखा आहे. एसी लावला, पंखा फिरला नाही.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा आहे, त्यावरून रिले शोधला. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो काढून पंख्याच्या जागी लावला. एसी लावला की बोटाला 'टक्' जाणवते. पंखा तरी बंदच.

मग पंख्याचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) सोडवला आणि वायरच्या बाजूला मीटर लावला. एसी लावल्यावर १२.४ व्होल्ट. म्हणजे करंट पंख्यापर्यंत येऊन राहिला. मिस्त्री बरोबर म्हणत होता बहुतेक.

नवतपा

काढा साडेचार हजार.

कूलर_काका

मी तर आधीच म्हटलं होतं, मोटर.

पुण्यातला_पांढरकवडेकर

काका, तुम्ही कंडेन्सर म्हटलं होतं.

आर्वीची_लेक

थांबा, पैसे खिशातच ठेवा. रिले टकटक करतो म्हणजे ईसीयूची बाजू ठीक आहे, एवढं पक्कं झालं. राहिला जाड वायरचा रस्ता. कपलर सोडवलेलाच आहे तर मोटरला बॅटरीतून थेट करंट देऊन पाहा. दोन जाड वायरी घ्या, प्लसच्या वायरीत एक फ्यूज घाला, आणि प्लस-मायनस उलटं करू नका.

धुऱ्यावरचा

दिला. फिरला! असा फिरला की बोनेटवर साचलेली धूळ माझ्या तोंडावर.

आता मात्र डोकं चालेना. मोटर चांगली, कपलरवर १२.४ व्होल्ट, आणि दोन्ही जोडले की काही नाही. असं कसं?

महावितरणवाला_निवृत्त

हा माझा विषय. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल, तरी मीटर पूर्ण १२ दाखवेल, कारण त्याला तेवढी एक तारही पुरते. पंख्याला १०-१५ अँपिअर पाहिजेत. ते त्या एका तारेतून जाऊ शकत नाहीत, सगळे व्होल्ट तिथंच खर्च होतात आणि मोटरपर्यंत काही उरत नाही. खेड्यात शेवटच्या खांबावर हेच होतं. रात्री मीटरवर २२० दिसतात आणि मोटरपंप लावला की १५० वर येतात.

म्हणून मीटर बाजूला ठेवा आणि हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब घ्या. तो साडेचार अँपिअर ओढतो, खोटं बोलत नाही. एसी चालू ठेवून तीन ठिकाणी लावा:

पहिलं, कपलरच्या दोन्ही पिनांवर. मंद पेटला तर वायरीत दोष आहे हे नक्की.

दुसरं, बल्बचं एक टोक कपलरच्या प्लस पिनेला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला.

तिसरं, एक टोक थेट बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं कपलरच्या अर्थ पिनेला.

ज्या जोडणीत मंद पेटेल, त्या बाजूला दोष.

ढेपवाला

मले आजपर्यंत कोणीच हे सांगितलं नाही. दोन वेळा मोटर बदलली होती मी डायरेक्ट करायच्या आधी.

पुण्यातला_पांढरकवडेकर

मोटर बदलण्यावरून एक गंमत. आमच्या गाडीची मोटर खरंच गेली होती. नवी बसवली, पंखा जोरात फिरायचा, तरी गाडी तापायचीच. थर्मोस्टॅट बदलला, झाकण बदललं, काही उपयोग नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं पंखा चालू असताना समोरच्या जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद जाळीला चिकटायला पाहिजे तर तो बाहेर उडला. वायरी उलट जोडल्यामुळे पंखा उलटा फिरत होता. डीसी मोटर आहे, प्लस-मायनस बदललं की दिशा बदलते. गाडी पळताना समोरून येणारी हवा आणि मागून पंख्याची हवा, दोघी जाळीत भांडत होत्या.

चिवचिव_मावशी

मी रोज वाचते आहे. मला गाडीतलं काही कळत नाही, पण उत्सुकता भयंकर लागली आहे. बल्ब पेटला का?

धुऱ्यावरचा

मावशी, पेटला. पण बिडीच्या टोकाएवढा लाल.

अर्थच्या बाजूला लख्ख. प्लसच्या बाजूला मंद. म्हणजे फ्यूजबॉक्स ते पंखा या वायरीत दोष. फ्यूजबॉक्सच्या खालून वायरींचा गुच्छ निघतो, त्यावरची काळी टेप सोडत गेलो. बॅटरीच्या मागं, जिथं हात जात नाही बरोबर तिथं, वायरीचं प्लास्टिक कुरतडलेलं आणि आतल्या तारा हिरव्या पडलेल्या. दोन-तीन तारा शाबूत, बाकी भुकटी.

उंदीर!

नवतपा

आरोपी फरार.

चिवचिव_मावशी

अगंबाई. मग आता मांजर पाळा.

ढेपवाला

गाडी उभी कुठी करता?

धुऱ्यावरचा

गोठ्याच्या बाजूच्या टिनाखाली. शेजारी सरकीच्या ढेपेची पोती.

ढेपवाला

झालं मग. उंदराले एका बाजूला जेवण, दुसऱ्या बाजूला गरम बिछाना. माह्या धंद्यात रोजचं आहे हे. पोती अन् गाडी वेगळी करा, दुसरा उपाय नाही. डांबरगोळ्या ठेवा म्हणतील, तंबाखू ठेवा म्हणतील, सगळं करून पाहिलं. चार दिवस वास राहते, पाचव्या दिवशी उंदीर त्याच्यावरच येऊन बसते. मी रात्री बोनेट उघडं ठेवतो. अंधार अन् ऊब मिळाली नाही की तो तिथं घर करत नाही.

मेळघाटी

बोनेट उघडं ठेवलं तर आमच्याकडे माकडं येतात. सेमाडोहला एकानं वायपरचे रबर काढून नेले.

जुनी_जीप

दारव्हा म्हटलं की मला शकुंतला आठवते. मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी रेल्वे. लहानपणी मामाकडे जाताना बसायचो. वाफेचं इंजिन होतं तेव्हा, ते बदलून डिझेल आलं १९९४ ला. इंजिन पाणी प्यायला थांबलं की आम्ही उतरून बोरं वेचायचो. तिला पण पाणी कमी पडलं की चालायची नाही, आणि यांच्या गाडीला पण.

पुण्यातला_पांढरकवडेकर

काका, शकुंतलेवर वेगळा धागा काढा, लिहायला आम्ही येतो. इथं पंखा चालू आहे. म्हणजे बंद आहे.

महावितरणवाला_निवृत्त

@धुऱ्यावरचा, वायर जोडताना नुसतं पिळून टेप मारू नका. हिरवा झालेला भाग पूर्ण कापून टाका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. तेवढ्याच जाडीचा किंवा एक नंबर जाड वायरचा तुकडा मधे घाला, सोल्डरनं डाग द्या, वरून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी). घरच्या फिटिंगची सिंगल तारेची वायर गाडीत वापरू नका, थरथरीनं तुटते. आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस तार सोडा.

धुऱ्यावरचा

तसंच केलं. डाग दारव्ह्यातल्या रेडिओवाल्याकडून घेतला, त्यानं चहाचे पैसे पण घेतले नाहीत. एसी लावला की पंखा लगेच सुरू. बल्ब कपलरवर लख्ख.

पण मंडळी, प्रकरण संपलं नाही. एसी बंद ठेवून गाडी दारात उभी करून पाहिली. काटा अर्ध्याच्या बराच वर गेला तरी पंखा लागेना. घाबरून मीच एसी लावला, पंखा फिरला, काटा उतरला. आता हे काय नवीन?

आर्वीची_लेक

आता उरला सेन्सर, थर्मोस्टॅट आणि कूलंट. मेळघाटी दादांनी विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलंच की. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाहा. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीवर जाऊ नका, ती भरलेली दिसली तरी रेडिएटर रिकामा असू शकतो.

सेन्सर बघायचा तर त्याचा कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. पुस्तकात २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे मे महिन्यात 'थंड' गाडीसुद्धा चाळिशीत असते, त्यामुळे हजार-बाराशे दिसलं तर बिघडला समजू नका. इंजिन तापल्यावर दोन-तीनशेवर यायला पाहिजे. शिवाय बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला आणि इंजिन चालू ठेवलं की ईसीयू सावधगिरी म्हणून पंखा कायम लावून ठेवतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका.

कूलर_काका

थर्मोस्टॅट काढून फेका. आमच्या विदर्भात त्याची गरजच काय? तो थंड प्रदेशासाठी असतो.

आर्वीची_लेक

काका, हे इतक्या गॅरेजमध्ये ऐकलं आहे! थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की हायवेवर इंजिन हवं तेवढं तापत नाही. ईसीयूला वाटतं गाडी अजून थंडच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. अॅव्हरेज पडतो, इंजिनाची झीज वाढते. अडकला असेल तर नवा घाला. ओळखायचं कसं? काटा वर गेला आणि वरचा होज पाइप चटका देतो पण खालचा थंडच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही असा संशय घ्या.

धुऱ्यावरचा

सकाळी झाकण उघडलं. पाणी दिसतच नाही! बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणून ओतलं, दीड लिटरच्या वर मावलं. बाजूची टाकी मात्र भरलेली होती, तिच्यावर विश्वास होता. यवतमाळला तापली तेव्हा उकळून बाहेर गेलं असावं.

सेन्सर मोजला, सकाळी ११०० च्या आसपास. ठीक वाटतो.

मेळघाटी

मग हवा अडकली आहे. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं तापमान सांगतो. त्याच्याभोवती हवेचा फुगा असला की इंजिन तापलं तरी त्याला थंडच वाटते, आणि ईसीयू पंखा लावत नाही. तुमचा काटा अर्ध्यावर जाऊन पण पंखा लागला नाही, कारण काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो.

हवा काढायची पद्धत: थंड गाडी, तोंड चढाकडे, झाकण उघडं, हीटर गरमवर. इंजिन चालू करा. पाणी खाली जाईल तसं भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की एकदम बुडबुडे येतील आणि पातळी झपकन खाली जाईल, पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. पाणी उसळायला लागलं तर मात्र झाकणाजवळ थांबू नका, इंजिन बंद करून थंड होऊ द्या.

कूलर_काका

पाणी कोणतं ओतायचं? आमच्या बोअरचं चालते का?

आर्वीची_लेक

अकोल्याचं तर मुळीच नाही. तुमच्याकडे पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आहे, दर्यापूर-अकोट-तेल्हाऱ्याकडे बोअरचं पाणी पिकालासुद्धा चालत नाही. ते रेडिएटरमध्ये घातलं की अॅल्युमिनियमची जाळी खाल्ली जाते आणि नळ्यांत खार बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. थंडी नाही तर कूलंट कशाला, असं म्हणू नका. त्यातली गंज न लागू देणारी रसायनं आपल्याला हवी असतात, आणि उकळबिंदूही थोडा वर जातो. जुनं काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं, गुरं पितात आणि मरतात. धुऱ्यावरचा दादा, तुमचा गोठा शेजारीच आहे म्हणून मुद्दाम सांगते.

महावितरणवाला_निवृत्त

आणि काटा लालपर्यंत गेला होता, म्हणून हेड गॅस्केट पाहून घ्या. इंजिन ऑइलची काडी काढा, ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी मिसळतंय. रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नसतील, किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर मिस्त्रीकडे जा. मग ते घरचं काम नाही.

धुऱ्यावरचा

ऑइल स्वच्छ आहे. हवा काढली, खूप निघाली. कूलंट निम्मं घातलं. आता एसी बंद ठेवून गाडी उभी केली तर काटा मधोमध आल्यावर थोड्या वेळानं पंखा आपोआप लागतो, मिनिटभर फिरतो, बंद होतो, पुन्हा लागतो. यवतमाळला जाऊन भर दुपारी बाजारात उभी करून आलो, काटा हलला नाही.

मिस्त्रीला सांगितलं, तो म्हणे "मी पण वायरच म्हणत होतो." असो. पंख्यासमोरच्या जाळीत कापूस आणि भुसा भरपूर होता, तो पण काढला. आमच्याकडे हंगामात कापसाच्या गाड्यांमागं चालावं लागतं, सगळं जाळीत येऊन बसतं. इंजिनाच्या बाजूनं पाण्याचा हलका फवारा मारला. जोरात मारला तर जाळीचे पत्रे वाकतात.

चिवचिव_मावशी

बरं झालं बाई. आता बियाणं घ्या.

पऱ्हाटी_पाटील

सगळा धागा आता वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या गाडीचा पंखा लागतो, पण फार उशिरा, आणि लागला की एकदम घरघर करत मोठ्यावर. पूर्वी आधी हळू फिरायचा, मग जोरात. सेन्सर बदलून पाहिला, फरक नाही. मोटर डायरेक्ट दिली तर नीट फिरते. वणीच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, चालते ना, मग राहू द्या.

आर्वीची_लेक

तुमचा पंखा दोन गतींचा आहे. हळू गतीसाठी करंट एका रेझिस्टरमधून जातो, तो बहुतेक पंख्याच्या चौकटीवरच वाऱ्यात बसवलेला असतो. तो जळला की हळू गती मेली. मग इंजिन मोठ्या गतीच्या तापमानापर्यंत पोचतं, तेव्हाच पंखा लागतो. एसीही उभ्या गाडीत कमी थंड वाटत असेल. रेझिस्टरचा कपलर काढून ओहम पाहा, ओपन (म्हणजे आतून तुटलेला) दाखवला तर तेवढाच बदला. काही गाड्यांत सुटा मिळतो, काहींत चौकटीसकट घ्यावा लागतो. आधी हळू गतीचा रिले अदलाबदल करून पाहा, ते फुकट आहे.

पऱ्हाटी_पाटील

ओपनच आहे ताई. आताच काढून पाहिला, एका बाजूनं काळा पडलेला. उद्या वणीत विचारतो सुटा मिळते का.

ढेपवाला

नाही मिळाला तर सांगा, माह्याकडे बटण आहे.